बिनअपघाताचे सत्त्याऐंशी दिवस

२ जानेवारी, गुरुवार

निवृत्त होऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत मी घरातल्या झाडून सगळ्या प्लगांचे स्क्रू घट्ट केले, गॅसची नळी दोनदा बदलली आणि सोसायटीच्या लिफ्टशेजारी 'आधी पाहा, मग पाऊल टाका' अशी पाटी लावली. ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून माझ्याच दाराला टेकवून ठेवली. ही म्हणाली, "अहो, कुठेतरी नोकरी धरा. माझ्यासाठी नाही, सोसायटीसाठी."

आज देवच पावला. पूर्णिमा आली होती. पूर्णिमा माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. नऱ्ह्याला तिचा भाकरवडीचा आणि चिवड्याचा कारखाना आहे. माणसं बावीस, त्यात वीस बायका. दुकानांची मोठी साखळी असलेली एक कंपनी तिचा माल घ्यायला तयार आहे, पण त्याआधी त्यांची माणसं येऊन सगळं तपासणार. स्वच्छता बघणार, कामगारांची सुरक्षितताही बघणार.

"रंगाकाका, तेहतीस वर्षं तुम्ही एवढ्या मोठ्या कंपनीत सेफ्टी सांभाळलीत. माझे बावीस लोक सांभाळा. तुमच्या तोलामोलाचं काही देता येणार नाही, पण भाकरवडी लागेल तेवढी."

विचार करून सांगतो म्हणालो. ती लिफ्टमध्ये शिरते न शिरते तोच माळ्यावरून जुनं हेल्मेट काढलं आणि पुसून ठेवलं.

६ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. स्वारगेटवरून बस बदलून नऱ्हे. कारखाना लहान, स्वच्छ आणि सुरक्षेच्या दृष्टीने राम भरोसे. बायका चपलांवर, दोघी-तिघी अनवाणी. भट्टीपाशी पदर लोंबतायत. आणि सगळ्यात कहर म्हणजे, सुट्टी झाली की कढईतलं तेल गरम असतानाच डब्यांत ओततात, कारण पावणेसहाची बस गाठायची असते. मी तिथल्या तिथे सांगितलं, तेल निवल्याशिवाय कढईला हात लावायचा नाही. तेजस म्हणून सुपरवायझर आहे, यवतमाळकडचा, सव्वीसेक वर्षांचा, कामाला चोख. तो म्हणाला, "सर, निवायला दीड तास लागते. तोवर बस जाते ना."

"बस उद्याही येते," मी म्हणालो.

मग मी माझं हुकमी हत्यार काढलं. पाटी. आमच्या कंपनीच्या फाटकावर होती तशीच: 'शेवटच्या अपघातानंतरचे दिवस'. माझ्या काळात ती अकराशे बारापर्यंत गेली होती, त्याचं मानचिन्ह आजही दिवाणखान्यात आहे. इथे दाराशेजारी फळा लावला, खडूने शून्य काढलं आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, शंभर दिवस एकही अपघात झाला नाही तर अख्ख्या कारखान्याची सहल. एक जरी अपघात झाला, तरी आकडा परत शून्यावर, सगळ्यांसाठी. म्हणजे एकीने दुसरीवर लक्ष ठेवायचं. माणसाला स्वतःच्या बोटापेक्षा चारचौघांच्या बोलण्याची भीती जास्त असते, हे मी तेहतीस वर्षांत शिकलोय.

पूर्णिमाने माझ्याकडे पाहिलं, कारण सहलीचं तिला विचारलेलं नव्हतं. पण तोवर बायकांत चर्चा सुरू झाली होती. सरुबाई म्हणून एक आहेत, आंबेगावच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या. भाकरवडीची गुंडाळी त्यांच्याइतकी घट्ट कुणालाच जमत नाही. त्या म्हणाल्या, "समुद्र दावा, साहेब. टीव्हीत लई बघितला. खरा न्हाई बघितला."

सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, मीही नाही. आणखी चौघी निघाल्या. हरिहरेश्वर ठरलं, देवही आणि समुद्रही. शंभरावा दिवस सोळा एप्रिलला येतो, त्यानंतरच्या रविवारी बस.

२५ जानेवारी, शनिवार

दिवस एकोणीस. बूट आले. पुढून कडक, तेल उडालं तरी आत न जाणारे. नाना पेठेत चार दुकानं हिंडून घेतले. बायकांच्या मापाचे मिळतच नाहीत, जसे काही बायकांना पायच नसतात. शेवटी पुरुषांचे लहानात लहान घेतले आणि दोन-दोन मोजे दिले.

कुरकुर अपेक्षित होतीच. सरुबाईंना आठवड्यात तीनदा चपलेवर पकडलं. "साहेब, ह्यो बूट घालून चालले की पाय आधी पोचतो, बूट मागनं येतो," म्हणाल्या. मी म्हटलं सवय होईल. त्यांना साखरेचा त्रास आहे, पाय आधीच बधिर असतात म्हणे. अशांनी तर बूट घातलेच पाहिजेत.

प्रथमोपचाराच्या पेटीची मोजणी मी दर शनिवारी स्वतः करतो. पहिल्या आठवड्यात सहा पट्ट्या आणि भाजल्यावरच्या मलमाची अर्धी नळी गेली होती. दुसऱ्या आठवड्यात एक पट्टी. या आठवड्यात काहीही नाही. तीन आठवड्यांत एवढा फरक मी मोठ्या कंपनीतही पाहिला नव्हता.

४ मार्च, मंगळवार

राष्ट्रीय सुरक्षा दिन, आणि आमचा सत्तावन्नावा दिवस. सगळ्यांकडून शपथ म्हणवून घेतली. फळ्याला झेंडूचा हार घातला. पेटीतलं मलम गेल्या पाच आठवड्यांत उघडलेलंसुद्धा नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आपल्या घरात आपण दोघं. तरी आठवड्यातून एकदा मला चटका बसतोच. तिथे वीस बायका दिवसभर तळतात आणि कुणाला काहीच होत नाही?"

"घर आणि कारखाना यात फरक आहे," मी म्हणालो. "तिथे पद्धत आहे."

"असेल," ती म्हणाली आणि पुढची पोळी टाकली. हिचा 'असेल' मी पस्तीस वर्षं ऐकतोय. त्याला उत्तर द्यायचं नसतं.

१९ मार्च, बुधवार

काल दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून दुपारी तीनलाच निघालो होतो. आज सकाळी गेलो तर भट्टीजवळची फरशी आरशासारखी चकचकीत. सोड्याने धुतलेली. तेजसला विचारलं. म्हणाला, संध्याकाळी थोडं तेल सांडलं होतं, तेव्हाच धुऊन काढलं.

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही सर."

"गरम होतं?"

"कोमट होतं सर." तो फरशीकडेच बघत होता. मेहनती मुलगा आहे, स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकायला लाजतो. मी वहीत लिहिलं: तेल सांडले, तात्काळ स्वच्छता, इजा नाही. आणि सगळ्यांसमोर त्याला शाबासकी दिली. फळ्यावर बहात्तर.

सरुबाई आल्या नाहीत. घरी पूजा आहे म्हणे.

२२ मार्च, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. सरुबाई आल्या त्या बूट घालून! दोन्ही पायांत मोजे, नाड्या घट्ट. जेवायला बसतानाही काढले नाहीत. बाकीच्या बूट बाहेर काढून मोकळ्या पायांनी बसल्या होत्या, या मात्र शिस्तीत. मी मुद्दाम त्यांच्यापाशी थांबून म्हणालो, "बघा, झाली ना सवय?"

"व्हय साहेब," म्हणाल्या. "झाली."

लोकांना वेळ दिला की लोक बदलतात. माझा यावर पहिल्यापासून विश्वास आहे.

२५ मार्च, मंगळवार

एक छोटी गोष्ट, पण अशाच छोट्या गोष्टींतून अपघात होतात. पॅकिंगच्या टेबलामागे जायच्या वाटेत प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं आढळलं. त्यावर सरुबाई बसून गुंडाळ्या करत होत्या. ती वाट मोकळीच हवी, आग लागली तर पळायचं कुठून? मी स्टूल उचलून स्टोअरमध्ये ठेवायला सांगितलं.

अक्षता म्हणून एक तरुण बाई आहे, जरा तोंडाळ. ती म्हणाली, "साहेब, राहू द्या की. एक स्टूल आहे नुसतं."

मी आगीचं समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात सरुबाई आपणहून उठल्या. "ऱ्हाऊ दे गं. साहेब बराबर बोलत्यात." आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. जुन्या माणसांत समजूत असते.

बायकांत एकोपाही छान वाढलाय. सरुबाईंचे ट्रे आता दुसऱ्याच कुणीतरी उचलतात, पाण्याचा तांब्याही त्यांना जागेवर मिळतो. हे पाटीचंच फळ, सगळ्या एकमेकींना जपायला लागल्या.

२७ मार्च, गुरुवार

त्या दुकानांच्या साखळीवाल्या कंपनीचे दोघे जण तपासायला आले. बूट, टोप्या, अग्निशामक, मोकळ्या वाटा, सगळं पाहिलं. फळ्यासमोर थांबून फोटो काढला. त्यातला एक म्हणाला, "ऐंशी दिवस शून्य! इतक्या लहान युनिटमध्ये हे पहिल्यांदाच बघतोय." संध्याकाळी पूर्णिमाला होकार आला. तिने चक्क माझ्या पाया पडून पेढे दिले.

आज मी खूश आहे आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, म्हणून आजच छोटासा समारंभ केला. 'सुरक्षा सखी' असं प्रशस्तिपत्र आणि स्टीलचा मोठा डबा. मानकरी सरुबाई, कारण गेल्या आठवड्यात कारखान्यात पाऊल टाकल्यापासून सुटीपर्यंत ज्यांनी बूट एकदाही काढले नाहीत अशा त्या एकट्याच. मी चार शब्द बोललो. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःला बदलणं सोपं नसतं, असं काहीसं.

त्या चालत पुढे आल्या आणि डबा हातात घेऊन रडायलाच लागल्या. एवढंसं कौतुक, पण आयुष्यात कुणी केलं नसेल. मलाही भरून आलं. टाळ्या मात्र हव्या तशा पडल्या नाहीत, अक्षता तर सरळ बाहेर निघून गेली. मत्सर कुठेही असतो.

२ एप्रिल, बुधवार

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीपाशी कुजका वास येतोय. बेसनाच्या पोत्यांमागे घूस मरून पडली असणार. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात हे चालणार नाही. तेजसला पोती हलवायला लावली, काही सापडलं नाही. तो बिचारा पोती हलवताना घामाघूम झाला होता, चेहरा पांढराफटक. उंदरांच्या औषधवाल्याला सोमवारी बोलावलंय.

दिवस शहाऐंशी. बस ठरवली, आगाऊ रक्कमही दिली.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी अकराला सरुबाई कोसळल्या. उभ्याउभ्या टेबलावरून घसरून खाली. अंग भट्टीसारखं तापलेलं. मी धावलो. उन्हाने झालं असेल म्हणून पंखा लावा, पाणी आणा, असं ओरडत मी त्यांचे बूट मोकळे करायला बसलो. अक्षताने माझा हात धरला. "साहेब, नका. डाव्या पायाचा नका काढू."

मी काढला. मोजा पायाला चिकटला होता. तो वास पोत्यांमागचा नव्हता.

पुढचं लिहिता येत नाही. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि त्या ग्लानीत विचारत होत्या, "आज किती झाले, साहेब?"

"सत्त्याऐंशी," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार होतो?

४ एप्रिल, शुक्रवार

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. साखर तीनशे ऐंशी होती. पाय वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंधरा दिवसांपूर्वी आणलं असतं तर मलमपट्टीवर भागलं असतं, असंही म्हणाल्या, आणि ते माझ्याकडे बघून.

मग त्यांनी कागद पुढे घेऊन सरुबाईंना विचारलं, "मावशी, हे कामावर झालं का?"

"न्हाई. घरी. चुलीवरचं पानी सांडलं."

"पाण्याने असं भाजत नाही, मावशी. हे तेल आहे."

"घरी झालं," सरुबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर बाकावर तेजस बसला होता. मी शेजारी बसलो. त्याने मान वर न करताच सांगायला सुरुवात केली. मी दाताच्या डॉक्टरकडे होतो त्या मंगळवारी बस चुकू नये म्हणून त्याने गरम तेल ओतायला घेतलं, डबा कलंडला, तेल सरुबाईंच्या पायावर. त्या चपलेवर होत्या. "सर, मी गाडी काढत होतो, दवाखान्यात न्यायले. त्याच नाही म्हणाल्या. म्हणे एकाहत्तर झाले, एकोणतीस राहिले, माझ्या एकटीच्या पायापायी वीस जणींचा समुद्र कशाला बुडवू? सगळ्यांकडून देवाची शपथ घेतली, सर. मलमही बायकांनी वर्गणी काढून बाहेरून आणलं. पेटीतलं घेतलं असतं तर शनिवारी तुमाले कळलं असतं."

"आणि बूट?"

"पट्टी दिसू नये म्हणून."

मी सरुबाईंना त्या बुटांसाठी डबा दिला होता. त्या डाव्या पायावर उभं राहायला लावून मी भाषण केलं होतं, आणि त्यांचं स्टूल काढून घेतलं होतं.

५ एप्रिल, शनिवार

सगळ्यांना जमवलं. पूर्णिमाही होती. फळा पुसला. त्यावर शून्यसुद्धा काढलं नाही, फळाच उतरवला. म्हणालो, "चूक तेजसची नाही आणि सरुबाईंची नाही. चूक माझी आहे. तुम्हाला दुखलं तर सांगू नका, असं मीच तुम्हाला शिकवलं."

मग अक्षताने बाही वर केली. कोपराजवळ रुपयाएवढा जुना डाग. "फेब्रुवारीतला," म्हणाली. तिच्या शेजारणीने तळहात उघडला. मग एकेक करत अकरा जणींनी दाखवलं. मी प्रत्येकीपाशी जाऊन बघितलं.

पूर्णिमाने नंतर केबिनमध्ये दार लावून घेतलं. "काका, खरं सांगू? मला तुमचा खूप राग आलाय. पण माझा जास्त आलाय, कारण मलाही तो फळा आवडायला लागला होता." आणि माझ्यासमोरच त्या कंपनीला फोन लावून तिने खरं काय ते सांगितलं. ऑर्डर थांबली. जूनमध्ये परत तपासायला येणार. मला या मुलीचा अभिमान वाटला.

"मी उद्यापासून येत नाही," मी म्हणालो.

"वा! म्हणजे घाण करायची आणि निघून जायचं? सोमवारी आठ वाजता या."

६ एप्रिल, रविवार

दिवसभर एकच विचार. ते अकराशे बारा दिवस. त्यात किती जणांनी बाह्या खाली ओढल्या असतील? कंपनीच्या रंगखात्यातला एक जण वर्षभर डावा हात खिशात घालून फिरायचा, मी त्याला ऐटबाज म्हणायचो. मानचिन्ह दिवाणखान्यातून काढून कपाटात टाकलं. हिने पाहिलं आणि आज 'असेल' म्हणाली नाही. चहा करून शेजारी बसली.

९ एप्रिल, बुधवार

हातपाय गाळून बसायचा माझा स्वभाव नाही. सोमवारीच नवी वही आणली, दोरीने भट्टीशेजारी बांधली. काहीही लागलं, भाजलं, घसरलं, थोडक्यात वाचलं, तरी लिहायचं. लिहिल्याबद्दल शिक्षा नाही आणि बक्षीस तर मुळीच नाही. लिहिता येत नसेल तर तेजसला सांगायचं.

दोन दिवस वही कोरी. विश्वास मी घालवलाय, तो वहीला दोरी बांधून परत येणार नाही, हे मला कळतं. आज मीच पहिली नोंद केली: 'रंगराव भोईटे. घाईत चहा प्यायलो. जीभ भाजली. कारण: हावरटपणा.' अक्षताने मोठ्याने वाचून दाखवली आणि भट्टीपाशी पहिल्यांदा हसू फुटलं. दुपारपर्यंत चार नोंदी झाल्या. शेवटची तेजसच्या अक्षरात होती, अठरा मार्चच्या तेलाची, अर्धं पान भरून.

१५ एप्रिल, मंगळवार

वहीत एकोणीस नोंदी. आजूबाजूच्या कारखान्यांत सगळ्यात जास्त अपघात आता आमच्याकडे होतात आणि मी या कामात पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बसलोय.

त्या गरम तेलाचं उत्तरही मिळालं. मी नुसतं विचारलं, काय करावं? अक्षता म्हणाली, "शेवटचा घाणा चारला काढा. भट्टी बंद केली की साडेपाचला तेल निवतं. तोवर आम्ही पॅकिंग करतो. बस पण मिळते." एवढंच. जानेवारीत मी हुकूम सोडला होता, विचारलं नव्हतं. कालपासून घाणा चारला बंद होतो आणि ओतताना तेलात बोट घातलं तरी चालेल इतकं ते गार असतं.

नाना पेठेतल्या दुकानदाराला बायकांच्या मापाचे बूट मागवायला लावलेत. तो म्हणाला, वेळ लागेल. मी त्याच्या दुकानात स्टूल ओढून बसलो आणि फोन लावेपर्यंत उठलो नाही.

पूर्णिमा म्हणाली, रविवारची बस ठरल्याप्रमाणे नेऊ, सहल बक्षीस म्हणून नाही, माझ्याकडून. बायकांनी नाही म्हणून सांगितलं. सरुबाई चालायला लागल्यावर जाऊ.

२१ एप्रिल, सोमवार

सरुबाईंना घरी सोडलंय, पण त्या अजून 'घरीच भाजले' या जबाबावर ठाम. कामावरची इजा म्हणून नोंदली नाही तर कामगार विम्यातून त्यांना अपंगत्वाचं काहीही मिळणार नाही. म्हणून आज कागद घेऊन आंबेगावला गेलो.

पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी समोर सतरंजीवर बसलो. आधी माफी मागितली. नीट, शब्द न गिळता. त्या म्हणाल्या, "तुमी काय तेल वतलं व्हय?" आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.

"सरुबाई, खरं काय ते लिहायचंय."

"तेजसचं नाव नगं. लांबनं आलंय लेकरू, नोकरी जायाची."

"त्याने स्वतःच लिहून दिलंय. आणि तो आहे तिथेच आहे. पूर्णिमाने त्याला काढलेलं नाही."

मग त्या थोड्या सैल झाल्या. तारीख, वेळ, कुठे उभ्या होत्या, एकेक करत सांगितलं. चपलेवर होत्या तेही लपवलं नाही. मी लिहीत गेलो आणि 'कारण' या रकान्यापाशी आलो.

हा रकाना मी आयुष्यात शेकडो वेळा भरलाय. हात आपोआप चालायचा: 'कामगाराचा निष्काळजीपणा.' आज पेन थांबलं. मग लिहिलं: तेल न निववता ओतले. पाय भाजला. दोन बोटे गेली ती मात्र तेलामुळे नव्हे, तर सोळा दिवस उपचार न मिळाल्यामुळे. सुरक्षा अधिकारी रंगराव भोईटे यांनी लावलेला फळा व सहलीचे आमिष यांमुळे इजा लपवावी लागली. जबाबदारी सदर अधिकाऱ्याची.

"काय लिवलं, वाचा की," त्या म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. त्यांनी झटकन हात पुढे करून कागदच ओढून घेतला.

"आवो, आसं नगा लिवू! तुमास्नी काढतील. पुतनी आसली म्हनून काय, मालकीनच हाय ती. ह्या वयात कुठं काम हुडकाल?" मग आवाज खाली आणून, सुनेला ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या, "त्यापरीस आपुन आसं करू. म्या घरीच भाजले. तुमी बी गप, म्या बी गप. कुनाला कळतंय?"

त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे मला बघवेना. त्या मात्र माझ्या काळजीने माझ्याकडे बघत होत्या. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"सरुबाई," मी म्हणालो, "आता पुन्हा नाही."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. चहा आला, निवला. शेवटी त्यांनी पेन मागितलं. नक्की का, असं तीनदा विचारलं, आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मी त्याखाली माझी केली आणि चारच्या बसने कागद द्यायला विम्याच्या कचेरीत गेलो.